वाचकांचे प्रश्न : पेढीवर जन्मलेला पॉल वॉरबर्ग

गेल्या अंकात रिझर्व्ह बँकेविषयीच्या एका उत्तरात पॉल वॉरबर्ग या जर्मन-अमेरिकन बँकरचा दोन ओळींत उल्लेख आला होता. पिढीजात बँकरांच्या घराण्यात वाढलेला हा माणूस अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या शिल्पकारांपैकी एक होता, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर सीमाभागातून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. आमच्या आजोबांची निपाणीत तंबाखूची अडत होती आणि तिच्या जोडीला हुंडीचाही व्यवहार चाले. वडिलांनी तो पुढे बंद केला. बँकेच्याच घरात जन्मलेल्या वॉरबर्गसारख्या मुलाला त्या काळी धंदा कोण आणि कसा शिकवत असे, हे सविस्तर सांगावे.
— एक तंबाखू व्यापारी, निपाणी

उत्तर : आपण हुंडीच्या व्यवहाराच्या घरातले आहात, त्यामुळे वॉरबर्गांच्या पेढीवर काय चालत असे हे आपल्याला फारसे समजावून सांगावे लागणार नाही. एम. एम. वॉरबर्ग ही पेढी मोझेस मार्कस आणि गेर्सोन या दोन भावांनी १७९८ मध्ये हॅम्बुर्ग या जर्मन बंदरात सुरू केली. बंदरात माल उतरवणारा व्यापारी, माल पाठवणारा परदेशी व्यापारी आणि दोघांच्या मध्ये काही महिन्यांची मुदत, असा तो व्यवहार होता. माल विकून पैसे हाती येईपर्यंतच्या त्या मुदतीसाठी व्यापारी हुंडी, म्हणजे ठरल्या दिवशी पैसे देण्याचा लेखी कागद, लिहीत असे. पेढी ती सकारत असे, म्हणजे मुदत भरल्यावर पैसे देण्याची जबाबदारी आपल्या सहीने स्वतःवर घेत असे. एकदा पेढीची सही पडली की ती हुंडी बट्टा कापून, म्हणजे उरलेल्या मुदतीचे व्याज आधीच वजा करून, कुठेही वटत असे. सारा धंदा त्या सहीच्या भरवशावर उभा होता, आणि मुदती हुंडीवर कोणाची सही आहे हे पाहूनच आपल्याकडचे व्यापारीही बट्ट्याचा दर ठरवत, हे आपण आजोबांकडून ऐकलेच असेल.

मात्र सही कितीही भारी असली, तरी सगळे एकाच दिवशी पैसे मागू लागले तर ती पुरत नाही, हे या घराण्याने पॉलच्या जन्माच्या अकरा वर्षे आधी अनुभवले होते. १८५७ मध्ये जगभर व्यापाराची मंदी आली आणि हॅम्बुर्गमधील पेढ्या एकामागून एक अडचणीत येऊ लागल्या. त्या वेळी वॉरबर्गांच्या घरात सारा नावाची विधवा बाई पेढीचा कारभार पाहत होती. पॉलची ही आजी हिशेबाला अतिशय कडक होती आणि मुलगे मोठे झाल्यावरही पेढीवरचा तिचा शब्द अखेरचा मानला जात असे. तिचा जावई पॉल शिफ व्हिएन्नातील क्रेडिटआन्स्टाल्ट या बँकेत होता. त्याच्या मध्यस्थीने ऑस्ट्रियाच्या सरकारकडून हॅम्बुर्ग शहराला चांदीचे मोठे कर्ज मिळाले आणि ती चांदी रेल्वेगाडीने हॅम्बुर्गला आली. पैसा उपलब्ध आहे हे लोकांना दिसताच त्यांची घबराट ओसरली, आणि आणलेली बरीचशी चांदी वापरावी न लागता परत गेली. चांदीची ती गाडी घराण्याच्या आठवणीत राहिली. माझ्या मते पॉलच्या साऱ्या आयुष्याची दिशा या गोष्टीत आधीच उमटलेली आहे, कारण पुढे त्याने जे मागितले ते हेच होते की अशी गाडी जावयाच्या ओळखीवर अवलंबून राहू नये आणि तिची सोय कायद्याने कायमची करून ठेवावी.

पॉलचा जन्म १० ऑगस्ट १८६८ चा. मोरित्झ आणि शार्लट या दांपत्याला पाच मुलगे आणि दोन मुली झाल्या. थोरला आबी, त्यानंतर मॅक्स, पॉल, फेलिक्स आणि फ्रिट्झ. पेढीच्या रिवाजाप्रमाणे गादी आबीची होती, परंतु त्याला पुस्तकांखेरीज दुसऱ्या कशाची गोडी नव्हती. तेरा वर्षांचा असताना त्याने आपला वडीलकीचा हक्क मॅक्सला देऊ केला आणि बदल्यात एवढेच मागितले की मॅक्सने त्याला जन्मभर हवी ती पुस्तके घेऊन द्यावीत. बारा वर्षांच्या मॅक्सने ते कबूल केले आणि पुढे पाळलेही. हा सौदा किती मोठ्या खर्चाचा आहे हे त्याला फार उशिरा कळले. आबीचे ते ग्रंथालय कलेतिहासाच्या अभ्यासकांचे तीर्थस्थान झाले. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ च्या डिसेंबरात ते जहाजांतून लंडनला हलवण्यात आले, आणि आज ते लंडन विद्यापीठाचा भाग आहे.

पॉल स्वभावाने बुजरा होता. चार लोकांत उठून बोलायचे म्हटले की त्याला संकोच वाटे. त्याला शिकवले मात्र पूर्ण कसून, आणि ते शिक्षण घरच्या पेढीवर सुरू झाले नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. आधी त्याला हॅम्बुर्गमधील एका निर्यातदाराकडे कारकून म्हणून ठेवले, कारण ज्या मालावर हुंडी निघते तो माल, त्याचे वजन, गोदी आणि विमा हे ठाऊक नसलेल्या माणसाला हुंडी कळत नाही, असा तेथील समज होता. त्यानंतर लंडनमधील एका बँकेत, पुढे पॅरिसमध्ये, मग जगाचा प्रवास, आणि एवढे झाल्यावर १८९५ मध्ये घरच्या पेढीत भागीदारी. मालकाच्या मुलाने दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली राहून शिकायचे, ही पद्धत आपल्या बाजारपेठेतील जुन्या घरांनाही परकी नाही.

त्याच वर्षी त्याचे लग्न झाले. मुलगी नीना लोब, न्यूयॉर्कमधील कून, लोब या बलाढ्य बँकेचे संस्थापक सॉलोमन लोब यांची कन्या. त्याच वर्षी धाकट्या फेलिक्सने त्याच बँकेचे प्रमुख जेकब शिफ यांच्या मुलीशी, फ्रीडाशी, लग्न केले. फ्रीडाची आई ही नीनाची सावत्र बहीण, म्हणजे नीना ही फ्रीडाची मावशी; त्यामुळे पॉल आपल्या सख्ख्या धाकट्या भावाचा मावससासरा झाला. त्या काळच्या ज्यू बँकर घराण्यांत सोयरीक आणि भागीदारी अशा रीतीने एकमेकांत गुंतलेल्या असत. नीनाचे आईवडील वृद्ध झाले होते आणि मुलगी जवळ असावी असे त्यांना वाटत होते, म्हणून १९०२ मध्ये पॉल न्यूयॉर्कला जाऊन राहिला आणि कून, लोबमध्ये भागीदार झाला. हॅम्बुर्गच्या पेढीतील भागीदारीही त्याने सोडली नव्हती.

प्रश्न : मी बेळगावात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकते. खासगी बँकेत बक्कळ कमावणाऱ्या माणसाने मध्यवर्ती बँकेसाठी एवढा आटापिटा का केला असेल? आम्हाला मध्यवर्ती बँकेची कामे पाठ करायला लावतात, पण ती नसताना नेमके काय बिघडत होते हे कोणी सांगत नाही.
— एक विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : तुमचा प्रश्न मोलाचा आहे, आणि या पाचही पत्रांत मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटले ते यावरच.

वॉरबर्ग न्यूयॉर्कला आला तेव्हा अमेरिकेत हजारो बँका होत्या आणि त्यांच्या वर कोणतीही बँक नव्हती. राष्ट्रीय बँका आपल्या नोटा काढत, परंतु त्या नोटांच्या पाठीशी सरकारी कर्जरोखे ठेवावे लागत. त्यामुळे चलनात किती नोटा असाव्यात हे व्यापाराच्या गरजेवर न ठरता सरकारने किती कर्ज काढले आहे यावर ठरत असे. आता सुगीचा विचार करा. आपल्याकडे उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की तोडणी आणि वाहतुकीसाठी बाजारात एकदम रोख लागते, तशीच अमेरिकेत शरद ऋतूत गहू आणि कापूस हलवण्यासाठी रोख लागत असे. गावोगावच्या बँका आपली राखीव रक्कम न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकांकडे ठेवत आणि सुगीला ती परत मागत. न्यूयॉर्कच्या बँकांनी तीच रक्कम शेअर दलालांना, मागताक्षणी परत करण्याच्या बोलीवर, कर्जाऊ दिलेली असे. गावाकडून मागणी आली की दलालांकडे तगादा लागे, ते घाईने शेअर विकत, भाव कोसळत आणि व्याजाचे दर आकाशाला भिडत. दरवर्षी हा ताण येई, आणि एखाद्या वर्षी त्यातूनच अनर्थ ओढवे.

हॅम्बुर्गमध्ये वाढलेल्या माणसाला हे पाहून धक्का बसणे स्वाभाविक होते. तेथील बँकेजवळ व्यापाऱ्याची आणि सकारणाऱ्या पेढीची अशा दोन भक्कम सह्या असलेल्या हुंड्या असत. रोख हवी असली की बँक त्या हुंड्या जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेकडे, म्हणजे राइखबँकेकडे, पुन्हा वटवून घेत असे. व्यापार वाढला की हुंड्या वाढत, हुंड्यांबरोबर चलन वाढे, आणि माल विकला जाऊन हुंड्या फिटल्या की ते चलन आपोआप आटे. अमेरिकेत मात्र व्यापारी एका सहीची वचनचिठ्ठी देई आणि बँक ती मुदत भरेपर्यंत तिजोरीत ठेवून बसे. ती पुढे विकायला बाजार नव्हता आणि विकत घेणारी वरची बँकही नव्हती. प्रत्येक बँकेने आपापली रोकड धरून ठेवायची आणि संकट दिसले की इतरांच्या आधी आपली वाचवायची. यात एकेका बँकेचे वागणे शहाणपणाचे ठरते, परंतु सर्वांनी तसेच वागल्याने सर्वच बुडतात. तुमच्या पाठ्यपुस्तकात ‘अखेरचा ऋणदाता’ असे जे मध्यवर्ती बँकेचे काम दिलेले असते, त्याचा अर्थ अशा वेळी बँकांना रोकड पुरवणारी वरची बँक असा आहे.

अमेरिकेत पाऊल ठेवल्यानंतर थोड्याच काळात, १९०३ मध्ये, वॉरबर्गने यावर एक टिपण लिहिले. जेकब शिफ यांना ते पटले, तथापि मध्यवर्ती बँकेचे नाव काढले तरी अमेरिकन लोक बिथरतात, म्हणून त्यांनी ते जपून दाखवण्याचा सल्ला दिला. नॅशनल सिटी बँकेचे प्रमुख जेम्स स्टिलमन यांनी ते वाचले आणि वॉरबर्गला विचारले की आमच्या बँकेचे उत्तम चालले असताना हे सारे बदलायचे कशाला. वॉरबर्गने उत्तर दिले की तुमची बँक एवढी मोठी आहे, म्हणूनच पुढचे संकट येईल तेव्हा आपली जबाबदारी थोडी लहान असती तर बरे झाले असते असे तुम्हाला वाटेल. पंतोजीच्या भीतीने गप्प बसणाऱ्या बुजऱ्या मुलाचा हा स्वभाव नव्हे. विषयाची पक्की जाण असली म्हणजे बुजऱ्या माणसालाही असे बोलता येते. जानेवारी १९०७ मध्ये त्याने बँकव्यवस्थेतील दोषांवर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात निकरबॉकर ट्रस्ट या संस्थेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. संकट इतर संस्थांपर्यंत पसरले. न्यूयॉर्कचे बडे बँकर जे. पी. मॉर्गन यांनी बँकर मंडळींना आपल्या ग्रंथालयात बोलावून, दार बंद करून, त्यांच्याकडून पैसे गोळा केले तेव्हा कुठे ते आवरले. सत्तर वर्षांच्या एका खासगी माणसाच्या शब्दावर सारा देश तगला, ही गोष्ट अनेकांना अभिमानाची वाटली, पण विचारी लोकांना तिचीच भीती वाटली. संकटानंतर स्टिलमन स्वतः वॉरबर्गकडे ते टिपण मागायला आले. त्याने सांगितले की आता घाईने काही होणार नाही, लोकांना समजावण्यात वर्षे घालवावी लागतील. पुढची सहा वर्षे त्याने खरोखर त्यातच घालवली.

आटापिटा का केला, असे तुम्ही विचारता. पिढ्यान्‌पिढ्या ठेवी आणि हुंड्या सांभाळणाऱ्या घरात वाढल्यामुळे घराण्याच्या नावाची ताकद त्याला माहीत होती आणि तिची मर्यादाही माहीत होती. नवख्या माणसाला त्यातली ताकद तेवढी दिसते. आपल्याकडे रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली आणि तिच्या कायद्यात ‘बँक दर’ याची व्याख्या हुंड्या विकत घेण्याचा किंवा पुन्हा वटवण्याचा दर अशीच केलेली आहे. परीक्षेत ती व्याख्या लिहाल तेव्हा तिच्यामागे कोणता व्यवहार आहे हे आता तुमच्या ध्यानात येईल.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की काही ज्यू घराण्यांनी एका बेटावर गुप्त बैठक घेऊन अमेरिकेचे चलन आपल्या मालकीचे करून घेतले आणि वॉरबर्ग त्यांचा म्होरक्या होता. यात तथ्य किती?
— एक निवृत्त तलाठी, चिकोडी

उत्तर : बैठक झाली होती आणि ती गुप्त होती, एवढे खरे आहे. नोव्हेंबर १९१० मध्ये सिनेटर नेल्सन आल्ड्रिच यांच्या खासगी रेल्वेडब्यातून काही माणसे मध्यवर्ती बँकेच्या योजनेचा मसुदा लिहायला जॉर्जिया राज्यातील जेकिल बेटावर गेली. बदकांच्या शिकारीला जात असल्याचा त्यांनी बहाणा केला होता आणि डब्यात कोणी कोणाचे आडनाव उच्चारायचे नाही असे ठरले होते. वॉरबर्ग तर उसनी बंदूक घेऊन गेला होता. त्याच्याखेरीज तेथे अर्थखात्यातील पियाट अँड्र्यू, मॉर्गन यांच्या बँकेतील हेन्री डेव्हिसन आणि नॅशनल सिटी बँकेचे फ्रँक व्हँडरलिप हे होते. यांतील ज्यू माणूस एकटा वॉरबर्ग. लपवाछपवीचे कारणही उघड आहे : वॉल स्ट्रीटच्या माणसांनी मसुदा लिहिला हे कळले असते तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो वाचायच्या आधीच फेकून दिला असता. माझ्या मते ही लपवाछपवी चुकीची होती, कारण जी संस्था लोकांच्या विश्वासावर उभी करायची तिचा पहिला मसुदा लोकांपासून लपवल्याची किंमत ती संस्था अजून मोजते आहे.

त्यापुढचे मात्र सारे खोटे आहे. बेटावर तयार झालेली योजना मंजूर झालीच नाही. १९१२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्ष निवडून आला आणि त्याने नवा कायदा लिहिला. आल्ड्रिच यांच्या योजनेत सूत्रे बँकरांच्या हाती होती. २३ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सही केलेल्या फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, कायद्यात बारा प्रादेशिक बँका आणि त्यांच्यावर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले व सिनेटने मान्य केलेले मंडळ आले. बारा बँका फार होतात, त्याने शक्ती विखुरते, असे वॉरबर्गचे मत होते आणि ते मानले गेले नाही. त्या बारा बँकांना भांडवल देणाऱ्या सभासद बँकांना त्या भांडवलावर सहा टक्क्यांपर्यंतच लाभांश घेण्याची मुभा होती. मालकी मिळवण्यासाठी कट करणारा माणूस आपली योजना अशी हरू देत नाही. बँकव्यवसायात इतर पंथांची आणि देशांची घराणी तितकीच मोठी असताना एकाच समाजावर बोट ठेवणारा हा मजकूर युरोपात ज्या द्वेषातून निपजला, त्याच द्वेषाने पुढे वॉरबर्गांची हॅम्बुर्गची पेढी हिरावून घेतली. तो पुढे पाठवू नये, एवढी आपल्याला कळकळीची विनंती.

प्रश्न : मोठ्या घराण्यात जन्म झाल्याचा वॉरबर्गला शेवटी फायदा झाला की तोटा? माझे माहेर एका नावाजलेल्या घराण्यातले आहे आणि नावाचा लाभ आणि काच दोन्ही मी पाहिले आहेत, म्हणून विचारते.
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : बाई, दोन्ही झाले, आणि दोन्ही टोकाचे झाले. घराणे नसते तर त्याला लंडन-पॅरिसचे शिक्षण मिळाले नसते, शिफ आणि स्टिलमन यांच्यासारख्यांनी त्याचे टिपण हातात धरले नसते. १९११ मध्ये त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १९१४ मध्ये विल्सन यांनी त्याला पहिल्या फेडरल रिझर्व्ह मंडळावर नेमले तेव्हा त्याने कून, लोब आणि हॅम्बुर्ग या दोन्ही ठिकाणची भागीदारी सोडली आणि वर्षाला बारा हजार डॉलर पगाराची सरकारी जागा पत्करली. सिनेटच्या समितीने त्याला चौकशीला बोलावले, तेव्हा आपल्या सचोटीवर शंका घेतली जाते याचे त्याला इतके वाईट वाटले की त्याने आधी जायचेच नाकारले. समजूत घातल्यावर तो गेला. मंडळाचा कारभार १० ऑगस्ट १९१४ रोजी सुरू झाला; तो त्याचा सेहेचाळिसावा वाढदिवस होता, आणि युरोपात महायुद्ध पेटून जेमतेम दोन आठवडे झाले होते.

येथूनच नात्याचा काच सुरू झाला. सख्खा भाऊ मॅक्स हॅम्बुर्गच्या पेढीचा प्रमुख होता आणि जर्मन सरकारला आर्थिक बाबतींत सल्ला देत होता. एक भाऊ एका देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या मंडळावर, दुसरा पुढे त्या देशाचा शत्रू झालेल्या सरकारचा सल्लागार. १९१६ मध्ये पॉल मंडळाचा उपप्रमुख झाला, १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि १९१८ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या नेमणुकीची मुदत संपत होती. फेरनेमणूक सहज होऊ शकली असती. परंतु जर्मनीत जन्मलेल्या आणि तेथे वजनदार नातेवाईक असलेल्या माणसाने अशा पदावर राहू नये, अशी कुजबुज सुरू झाली होती. त्याने मे महिन्यात विल्सन यांना पत्र लिहून आपल्यामुळे संस्थेला बाधा येऊ नये अशी इच्छा कळवली. जर्मनीतील आपले भाऊ आपल्या देशाची सेवा करत आहेत आणि मी माझ्या देशाची करतो आहे, असे त्याने त्यात सरळ लिहिले. विल्सन यांनी उत्तराला ऑगस्टपर्यंत वेळ लावला आणि मग त्याचे जाणे मान्य केले. ज्या संस्थेसाठी त्याने आपली दोन्ही घरे सोडली होती तिचे दार त्याला मधल्या वयात बंद झाले. हे वाचताना मला नेहमी वाटते की विल्सन यांनी त्याला थांबवायला हवे होते.

त्यानंतर त्याने १९२१ मध्ये इंटरनॅशनल अ‍ॅक्सेप्टन्स बँक काढली. नावावरूनच कळेल की पुन्हा हुंड्या सकारण्याचेच काम, या वेळी युद्धाने मोडलेल्या युरोपच्या व्यापारासाठी. मार्च १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळण्याच्या सात महिने आधी, त्याने आपल्या बँकेच्या अहवालात बेलगाम सट्ट्याला आळा घालण्याची मागणी केली, नाहीतर साऱ्या देशावर मंदी येईल असे बजावले. भरभराटीच्या धुंदीतल्या लोकांना ते रुचले नाही आणि त्याच्यावर देशाची प्रगती रोखू पाहणारा म्हणून टीका झाली. ऑक्टोबरात बाजार कोसळला. १९३१ मध्ये जर्मनीतील बँका अडचणीत आल्या तेव्हा हॅम्बुर्गची पेढी वाचवण्यासाठी त्याने आणि फेलिक्सने आपल्या खासगी संपत्तीतून मोठ्या रकमा घातल्या. हयातभर ज्याने सांगितले की पेढ्यांच्या पाठीशी नातेवाईक नव्हे, संस्था असली पाहिजे, त्याच्यावर शेवटी नातेवाईक म्हणूनच पेढीच्या पाठीशी उभे राहण्याची वेळ आली. २४ जानेवारी १९३२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. त्यानंतर एका वर्षाने हिटलर सत्तेवर आला. १९३८ मध्ये वॉरबर्गांना पेढी सोडून द्यावी लागली, मॅक्स अमेरिकेला गेला आणि १९४६ मध्ये तेथेच वारला. १९४१ मध्ये पेढीवरचे वॉरबर्ग हे नावही पुसले गेले. मॅक्सचा मुलगा एरिक युद्धानंतर हॅम्बुर्गला परतला आणि पेढीत पुन्हा भागीदार झाला. जुने नाव पूर्ववत लागायला मात्र १९९१ साल उजाडले.

प्रश्न : माझे यजमान शहापुरात मागावर काम करतात आणि मी साड्यांना गोंडे बांधते. आमची रोजची पिग्मी आणि मुदत ठेव एका सोसायटीत आहे. चेअरमनसाहेबांचे घराणे मोठे आणि शब्दाला जागणारे आहे, म्हणून सगळी गल्ली तिथेच पैसे ठेवते. तुमच्या त्या बँकरच्या गोष्टीतून आम्ही काय घ्यावे? पैसे ठेवावेत की काढावेत?
— एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, सोसायटीचे कागद न पाहता पैसे काढा किंवा ठेवा असे सांगणे योग्य होणार नाही. कोणते कागद पाहायचे ते सांगतो.

आधी ठेवीवर विमा आहे की नाही ते पाहा. १९६० मध्ये केरळातील पालई सेंट्रल बँक बुडाली आणि हजारो ठेवीदार देशोधडीला लागले, तेव्हा सरकारने ठेवींचा विमा सुरू केला. १ जानेवारी १९६२ पासून तो लागू आहे. प्रारंभी त्याची मर्यादा माणशी पंधराशे रुपये होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख रुपये झाली. मुद्दल आणि व्याज मिळून एका बँकेत एका ठेवीदाराला ही मर्यादा आहे, बँकेच्या चार शाखांत चार खाती असली तरी ती एकत्र मोजली जातात. २०२१ च्या दुरुस्तीनुसार बँकेवर निर्बंध आले तर विम्याची ही रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. हा विमा व्यापारी बँकांना आणि सहकारी बँकांना आहे. पतसंस्था, क्रेडिट सोसायटी, सौहार्द सहकारी यांना तो नाही. अनेकींना ‘सहकारी’ हा शब्द दोन्हींत दिसतो आणि त्यामुळे दोन्ही सारख्याच वाटतात. आपल्या पासबुकावर ‘बँक’ असे छापले आहे का आणि ती रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखाली आहे का, हे शाखेत विचारून घ्या. परवाना आणि विम्याची पाटी शाखेत लावलेली असते.

याचा अर्थ सोसायट्या वाईट असा मुळीच नाही. या भागाने सहकाराकडे फार लवकर पाहिले. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाल्यावर पुढच्याच वर्षी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ या गावी सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सोसायटी उभी राहिली आणि ती देशातील पहिल्या सहकारी सोसायट्यांत गणली जाते. त्या कायद्यामागचा नमुनाही जर्मनीचाच, परंतु वॉरबर्गांच्या हॅम्बुर्गमधला नव्हे. खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी एकमेकांना जामीन राहून चालवलेल्या राइफायझन यांच्या सोसायट्यांचा. तेथे मोठे नाव कोणाचेच नव्हते. कर्ज कोणाला, कशासाठी दिले हे सारे गाव पाहत होते, आणि तारण होते ते या पाहण्याचेच. आज ज्या सोसायटीत सभासद असे पाहत नाहीत, तेथे चेअरमनांचे घराणे कितीही सज्जन असो, ठेवीदार एकट्या माणसाच्या शब्दावर विसंबून आहेत. बेळगाव बँक १९३० मध्ये आणि सांगली बँक १९१६ मध्ये निघाली. त्यांपैकी पहिली १९७५ मध्ये युनियन बँकेत आणि दुसरी २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. नावे गेली तरी ठेवीदारांची खाती नव्या बँकेत चालू राहिली, कारण त्या बँकांच्या वर रिझर्व्ह बँक होती. सोसायटीच्या बाबतीत ती वरची सोय नसते.

तेव्हा एवढे करा. सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नका. मुलीच्या लग्नासाठी किंवा दुखण्याखुपण्यासाठी राखलेली रक्कम विमा असलेल्या बँकेत पाच लाखांच्या आत ठेवा, आणि पिग्मी सोसायटीत चालू ठेवायची तर ठेवा. पिग्मी एजंट पैसे घेऊन गेल्यावर कार्डावर त्याच वेळी नोंद आणि सही घ्या, आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन ती खतावणीशी ताडून पाहा. इतरांपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज कोणी देत असेल, तर ते व्याज कोणत्या कर्जदाराकडून येणार हे विचारा. आपण सभासद असाल तर वार्षिक सभेला जा, तेथे लेखापरीक्षणाचा अहवाल मागा आणि त्यात थकीत कर्जे किती, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे किती, हे दोन आकडे वाचून घ्या. वाचायला अडचण आली, तर अहवालाची प्रत घेऊन गल्लीतल्या एखाद्या वाणिज्य शिकणाऱ्या मुलीला दाखवा.